वही कुणाच्या हातात?

(आमच्या सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)



इतिहास म्हटला की किल्ले, राजे आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. आज आम्ही एका वेगळ्याच वस्तूचा इतिहास सांगणार आहोत. ती वस्तू म्हणजे वही. जमाखर्चाची, देण्याघेण्याची वही. दुकान असो, बचत गट असो, पतसंस्था असो की बँक, तिथे रोज काहीतरी ठरवावे लागते. माल किती घ्यायचा, भाव काय लावायचा, उधारी कुणाला द्यायची, कुठला धंदा वाढवायचा आणि कुठला बंद करायचा. हे कोण ठरवते? बहुतेक वेळा ज्याला हिशेब कळतो, तोच ठरवतो. बाकीचे माना डोलावतात. म्हणून वही कुणाच्या हातात होती याचा शोध घेतला, की निर्णय कुणाच्या हातात होता हेही कळत जाते.

सुरुवात सुप्यापासून करू. पुणे जिल्ह्यातले सुपे. दिवस १२ मे १८७५, बाजाराचा. आजूबाजूच्या गावांतले कुणबी बाजाराला जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. पाहता पाहता ही आग पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरली. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की या लोकांना सर्वांत आधी हवे होते ते कागद. कर्जरोखे आणि खातेवह्या बाहेर काढा, असे ते सावकाराला सांगत. कागद हाती आले की त्यांची होळी करत. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तिथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही.

माणसे कागदावर एवढी का चिडली होती? अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते. १८६५ साली ते युद्ध संपले, कापूस पडला आणि कर्ज मात्र उभे राहिले. त्यात सरकारने शेतसारा वाढवला. कुणब्याला लिहिता-वाचता येत नव्हते. रोखा सावकार लिहून घेणार, त्यावर काय लिहिले हे सावकारच वाचून दाखवणार, आणि कुणबी खाली नांगराची निशाणी करणार. पुढच्या काळात नांगर गेला आणि अंगठा आला. कोर्टात साक्ष चालायची ती त्या कागदाची.

यातला एक बारकावा आपल्याला फार शिकवणारा आहे. सरकारने १८५९ साली मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीन वर्षेच चालेल, जुन्या कर्जावर वर्षानुवर्षे व्याज चढत राहू नये, असा त्याचा हेतू होता. कायदा ऋणकोच्या बाजूचा होता. पण तो कुणाला माहीत होता? सावकाराला. त्याने काय केले, तर दर तीन वर्षांनी मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून त्याचेच नवे मुद्दल धरले आणि नवा रोखा लिहून घेतला. ज्याच्या भल्यासाठी कायदा झाला त्याला त्याची खबर नव्हती, आणि ज्याला आळा घालायचा होता त्याला तो तोंडपाठ होता. माहिती एकाच बाजूला साठली की चांगला नियमही उलटा फिरतो, तो असा.

दंग्यांनंतर चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यात इतर गोष्टींबरोबर असे ठरले, की कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्याला लेखी पावती मिळाली पाहिजे, दरवर्षी हिशेबाचा उतारा मिळाला पाहिजे, आणि त्याने मागितल्यास पासबुकात हिशेब लिहून दिला पाहिजे. आज आपण गटाचे पासबुक कपाटात ठेवतो. त्याच्या मागे जाळलेल्या कागदांचा एवढा मोठा धूर आहे. पण पासबुक मिळाले तरी ते वाचायचे कुणी? शेतकऱ्याच्या घरात अक्षर पोहोचले नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो नेमका या दुखण्यावर. विद्या नसल्यामुळे शेतकरी कसा नागवला जातो हे त्यांनी त्यात उलगडून दाखवले.

पुढे १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. सावकाराच्या वहीऐवजी आता संस्थेची वही आली. आपल्या महाराष्ट्रात या सहकाराने मोठी झेप घेतली ती प्रवरेच्या काठी. नगर जिल्ह्यात लोणीला १९५० साली शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, लोकांना भाग घ्यायला लावले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले. एकाला ऊस, पाणी आणि माणसे ठाऊक, दुसऱ्याला भांडवल, बँक आणि सरकारी कारभार ठाऊक. दोन्ही ज्ञाने एका टेबलाशी बसली म्हणून तो कारखाना उभा राहिला. पण त्या टेबलाशी बायका नव्हत्या. भागधारक व्हायचे तर सातबाऱ्यावर नाव हवे. उसाची लागण करणारी, खुरपणारी, मोळी उचलणारी बाई सभासद नव्हती, म्हणून तिला वहीही नव्हती.

तर मग बाईच्या हातात वही आली कधी? एका दिवसात आली नाही. तीन ठिकाणच्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट गिरगावातल्या गच्चीची. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावच्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल उसने घेतलेले, ८० रुपये. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना पुढे २०२१ साली पद्मश्री मिळाली. ‘लिज्जत’ नावाने आज आपण जो पापड ओळखतो, त्याचा हा जन्म.

त्या बायकांना पापड येत होता. उडदाचे पीठ किती घट्ट हवे, हिंग-मिरी किती, ऊन किती दाखवायचे, हे त्यांच्या बोटांत होते. तरीही सुरुवातीला त्यांनी एक गोष्ट ठरवली ती आपल्यातल्या कुणीही ठरवली असती. त्या दोन प्रतीचे पापड करू लागल्या. एक चांगला, आणि एक हलका, स्वस्तात विकायला. त्यांना पैसे उसने देणारे छगनबापा पारेख हे समाजकार्यातले गृहस्थ होते. त्यांनी सांगितले, की एकच पापड करा, उत्तम करा आणि प्रत कधी उतरू देऊ नका. हा दानधर्माचा उद्योग समजू नका, धंदा समजा, आणि हिशेब नीट ठेवा. बायकांनी ते ऐकले. नुसते ऐकून सोडून दिले नाही, तर ते संस्थेच्या हाडामासात मुरवले. शिवाय त्यांनी आपणहून आणखी एक ठरवले होते, की तोटा आला तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही. म्हणजे हातातले ज्ञान त्यांचे, बाजारातले ज्ञान छगनबापांचे, आणि निर्णय बायकांचा.

मग पाऊस आला. पापड वाळेनात. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी काय केले असेल? एक खाट घेतली आणि एक शेगडी घेतली. पापड खाटेवर पसरायचे आणि शेगडी खाटेखाली ठेवायची. ही युक्ती घरात ओले कपडे वाळवणाऱ्या कोणत्याही बाईला सुचली असती. पण चार महिने बंद राहिल्याने किती नुकसान झाले हे वहीत दिसत होते, म्हणून खाट आणि शेगडी यांवर पैसे घालावेत असा निर्णय झाला. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. असा आकडा रुपयापर्यंत सांगता येतो, कारण तो लिहून ठेवलेला होता.

बायका वाढत गेल्या. तीन महिन्यांत पंचवीस झाल्या, तिसरे वर्ष संपेपर्यंत तीनशेच्या वर गेल्या. गच्ची पुरेना. मोठी जागा भाड्याने घ्यावी तर पैसा नाही. तेव्हा असे ठरले, की पीठ एका जागी मळायचे, प्रत्येकीने आपला वाटा वजन करून घरी न्यायचा, घरी लाटायचे, वाळवायचे आणि पापड परत आणून वजन करून द्यायचे. हा निर्णय कारखानदाराला सुचला नसता. बाईचा वेळ कसा तुटक असतो, पोर झोपले की तासभर, स्वयंपाक झाला की तासभर, हे बाईलाच ठाऊक. शिवाय तराजू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. पीठ किती गेले, पापड किती आला, लाटणावळ किती झाली, हे ज्या बाईला अक्षर येत नव्हते तिलाही कळत होते.

सगळे साधलेच असेही नाही. १९६१ साली मालाडला दुसरा गट उभा करायचा प्रयत्न केला, तो फसला. पुढे आगपेट्या आणि अगरबत्तीसारखे धंदे करून पाहिले, तेही जमले नाहीत. संस्थेने ते सोडून दिले. धंदा सोडणे हाही निर्णय असतो, आणि बहुतेक ठिकाणी तो होत नाही, कारण तोटा कुणी मोठ्याने वाचून दाखवत नाही. लिज्जतमध्ये काम करणारी प्रत्येक बहीण मालकीण. नफा तिचा, तोटाही तिचा. पगारी पुरुष कामाला असले तरी ते सभासद नाहीत. निर्णय एकमताने, एकीचाही ठाम विरोध असेल तर ठराव अडतो. ज्या घरात तोटा वाटून घ्यायचा असतो, तिथे प्रत्येकीला वही पाहावीच लागते. १९६६ साली संस्थेची नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. पण सरकारची मदत येण्याच्या आधी सात वर्षे तराजू आणि वही चालू होती, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट गिरणगावातल्या खानावळींची. कोकणातून, साताऱ्यातून, कोल्हापुराकडून गिरणीत कामाला आलेले हजारो गडी बायकामुले गावी ठेवून मुंबईत राहात. त्यांना जेवू घालायच्या त्या खानावळवाल्या बाया. चाळीतली एक खोली, त्यातच चूल, त्यातच संसार, आणि दोन्ही वेळा पंगत. गिरणीचा पगार महिन्यातून एकदा. पण जोंधळा, तांदूळ, रॉकेल रोज लागणार. म्हणून बाई वाण्याकडून उधार आणणार, महाग घेणार, वर व्याज देणार. दागिना असेल तर तोही गहाण पडणार. दिवसभर राबून शेवटी हाती उरायचे ते वाण्याचे देणे.

या बायांना किती ठाऊक होते पाहा. कोणता गडी शिमग्याला गावी जाईल, कोणता गणपतीला, कुणाचा खाडा झाला, कुणाला बोनस मिळाला, कुणाच्या घरी मनीऑर्डर जास्त गेली म्हणून तो या महिन्यात पैसे थकवणार. हे सगळे डोक्यात. एका बँक मॅनेजरला वर्षभरात जेवढी माणसे कळणार नाहीत, तेवढी तिला पंगतीत कळत. पण बँकेचा दरवाजा तिच्यासाठी बंद होता. तारण काय, जामीन कोण, धंद्याचे कागद कुठे? १९६९ साली मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. १९७२ साली गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजनाही निघाली होती. ती कागदावर होती. खानावळीच्या चुलीपर्यंत तिची बातमी आली नव्हती. पुन्हा सुप्याचीच गोष्ट, शंभर वर्षांनंतर. नियम बाईच्या बाजूचा आणि खबर मात्र दुसऱ्याला.

ही खबर चुलीपर्यंत नेली ती प्रेमाताई पुरव यांनी. त्या मूळच्या गोव्याच्या. गोवा मुक्तीच्या लढ्यात होत्या, नंतर मुंबईत कामगारांत काम करू लागल्या. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. सुरुवातीला चौदा बायांना बँकेकडून प्रत्येकी १,५०० रुपयांचे कर्ज मिळाले. तारणाचा प्रश्न कसा सुटला? बायांनी एकमेकींची हमी घेतली. यात नुसता चांगुलपणा नव्हता, त्यात मोठे ज्ञान होते. शेजारणीच्या खानावळीत किती ताटे लागतात, तिचा हात राखून खर्च करणारा आहे की सैल, नवरा पैसे काढून नेतो की नाही, हे चाळीतल्या चारजणी जाणत. बँकेला जे कोणत्याही कागदावरून कळले नसते, ते या बाया सहीनिशी सांगत होत्या. वाण्याचे व्याज सुटले, तशी बाईच्या हाती कमाई राहू लागली.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले. पगार थांबले. खानावळवाल्यांनी कितीतरी दिवस उधारीवर जेवू घातले, कारण ही माणसे त्यांची घरचीच झाली होती. मग गडी गावी गेले आणि पुष्कळसे परत आलेच नाहीत. पंगती रिकाम्या झाल्या. बाईला आपल्या खोलीतली खडान्‌खडा माहिती होती, पण गिरणीधंद्याचे पुढे काय होणार, कापड यंत्रमागांकडे कसे चालले आहे, याची खबर तिला कुणी दिली नाही. घरातले ज्ञान कितीही पक्के असले, तरी गिऱ्हाईक ज्या धंद्यावर जगते त्या धंद्यावर नजर ठेवावी लागते. आज ऊसतोड मजुरांना किंवा औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना डबे देणाऱ्या मैत्रिणींनी हे मनात ठेवावे. तुमचे गिऱ्हाईक एकाच गेटमधून येत असेल, तर त्या गेटच्या आत काय चालले आहे हे विचारत जा.

तिसरी गोष्ट माणदेशातली, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडची. पाऊस कमी, चारा कमी, आणि माणसे जिद्दीची. चेतना सिन्हा मुंबईहून तिथे लग्न करून आल्या होत्या. रस्त्याकडेला लोखंडकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिला रोज थोडे थोडे पैसे साठवून पावसाळ्याआधी पालावर घालायला ताडपत्री घ्यायची होती. बँका तिचे खाते उघडेनात, एवढ्या थोड्या पैशांसाठी कोण खाते उघडणार? तेव्हा बायांनी आपलीच बँक काढायचे ठरवले आणि रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. अर्ज परत आला. कारण असे, की प्रवर्तक म्हणून ज्या बाया होत्या त्यांतल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. कागदावर अंगठे होते.

इथे दोन वाटा होत्या. एक म्हणजे शिकलेल्या चार माणसांची नावे घालून अर्ज पुन्हा पाठवणे. तसे केले असते तर परवाना लवकर मिळाला असता, पण बँक त्या चार माणसांची झाली असती. बायांनी दुसरी वाट धरली. दिवसभराचे काम उरकून त्या रात्री शिकायला बसू लागल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की आम्हाला वाचता येत नव्हते कारण आमच्या गावात शाळा नव्हती, पण हिशेब आम्हाला येतो. कोणत्याही मुद्दलाचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

हे नुसते धीटपणाचे उदाहरण म्हणून सांगत नाही. त्या बँकेचे पुढचे निर्णय पाहिले की कळते, की वही कुणाच्या हातात आहे याने काय फरक पडतो. बाया म्हणाल्या, बँकेत यायचे तर आमचा रोज बुडतो. तेव्हा बँकेची माणसे दारात आणि बाजारात जाऊन पैसे घेऊ लागली. मग कार्ड आणि पिन आला. बाया म्हणाल्या, आकडा कुणीही पाहील आणि पैसे काढील, आमचा अंगठाच घ्या, तो कुणाला चोरता येत नाही. आणि खरोखरच अंगठ्याने चालणारी सोय करावी लागली. ज्या अंगठ्यापायी अर्ज परत आला होता, तोच आता खात्याची किल्ली झाला. ही सूचना कोणत्याही सल्लागाराच्या अहवालात आली नसती. घरात पैसे कुठे ठेवले की कोण काढून नेतो, हे ज्ञान ज्या बाईने सोसले आहे तिचेच असते. ती संचालक मंडळापर्यंत पोहोचली, म्हणून निर्णय बदलला.

आता आपल्याकडे येऊ. नाबार्डने १९९२ साली देशभरात पाचशे बचत गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला. त्यातून आज गावोगाव गट आहेत. पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेब लिहिणे. पुढे ‘उमेद’ आली आणि पंचसूत्रीची दशसूत्री झाली. आम्ही आमच्या भागात गटांच्या बैठकांना जातो. पुष्कळ ठिकाणी काय दिसते? वही एकीच्याच हातात. ती शिकलेली, चटपटीत, तिच्यावर सगळ्यांचा विश्वास. ती लिहिते, बाकीच्या सह्या करतात. कधी तिचा नवरा किंवा मुलगाच लिहून देतो. ठराव वाचला जात नाही. मग गटाने पिठाची गिरणी घ्यायची की शेळ्या, हे कोण ठरवणार? ज्याने वही उघडली, तोच. उरलेल्या नऊजणींपैकी एकीला शेळ्यांचे सगळे आजार ठाऊक असतील, दुसरीला आठवड्याच्या बाजाराची नस ठाऊक असेल. त्यांना कुणी विचारत नाही, आणि त्या बोलत नाहीत. त्यांना वाटते, आपल्याला काय कळते!

आता वही मोबाइलमध्ये जाऊ लागली आहे. ते चांगलेच आहे, पाने फाटणार नाहीत, आकडे खाडाखोड होणार नाहीत. पण पडदा लहान आहे आणि तो एकीच्याच हातात असतो. कागदाची वही निदान मध्ये ठेवून दहाजणींना वाकून पाहता यायची.

म्हणून हा साधा हिशेब आज सगळ्याजणी करून पाहा. गटाच्या एका सभासदाने १२,००० रुपये कर्ज घेतले, बारा महिन्यांत फेडायचे, दरमहा मुद्दल १,००० रुपये, व्याज महिन्याला शेकडा १. जर व्याज उरलेल्या मुद्दलावर लावले, तर पहिल्या महिन्यात १२० रुपये, दुसऱ्यात ११०, असे उतरत उतरत शेवटच्या महिन्यात १० रुपये होते. सगळे मिळून ७८० रुपये. आणि जर व्याज शेवटपर्यंत मूळ १२,००० वरच लावले, तर दरमहा १२० प्रमाणे १,४४० रुपये होते. दर दोन्हीकडे ‘शेकडा एक’च. फरक ६६० रुपयांचा. दारात कर्ज घेऊन येणाऱ्या माणसाला नुसता दर विचारू नका. व्याज कशावर लावणार, आणि शेवटी एकूण किती भरावे लागणार, हे दोन प्रश्न विचारा. सुप्याच्या कुणब्याला हे विचारता आले असते, तर त्याला होळी पेटवावी लागली नसती.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक गोष्ट करा. बचत, दिलेले कर्ज, आलेले व्याज आणि हातातली शिल्लक, हे चार आकडे मोठ्याने वाचायला सांगा. वाचणारी दर महिन्याला वेगळी असू दे. जिला वाचता येत नसेल तिने तोंडी बेरीज सांगावी, बहुधा तिचीच बरोबर निघेल. आणि नवा धंदा घ्यायचा ठराव आला, की सही करण्याआधी प्रत्येकीने एकेक वाक्य बोलावे: या कामातले मला काय ठाऊक आहे, आणि काय विचारायचे राहिले आहे. याला अर्धा तास जास्त लागेल. चहा थोडा उशिरा होईल, एवढेच.

पुढच्या भेटीत आम्ही गटाची कर्ज खतावणी कशी वाचायची ते पान पान उलगडून सांगणार आहोत. आपापल्या गटाची वही जवळ घेऊन बसा.